तालुका प्रतिनिधीने यूट्यूब चॅनेल काढायचं तर कॅमेरा कोणता घ्यावा?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दैनिकाचे तालुका प्रतिनिधी आहात, मानधन नावापुरतं, खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनची, आणि पेपरने पानं कमी केल्यापासून तीही आटली. आता स्वतःचं चॅनेल काढायचंय. मी तालुक्याच्या बातमीदारीत बरीच वर्षं काढली, नंतर नव्या पोरांना शिकवलंही, त्या जोरावर सांगतो: कॅमेरा घेऊच नका. हातातला फोन पुरे. पैसे घालायचेच तर कॉलरला लावायच्या माईकमध्ये घाला. आठवडी बाजारात माणूस काय बोलतोय ते ऐकूच आलं नाही, तर चित्र कितीही झकास असो, लोक पुढे सरकवतात.

यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4,000 तासांचा वॉच टाइम (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज) लागतो. एवढं जमलं तरी एका तालुक्याच्या प्रेक्षकांवर घर चालणं कठीण. मग व्ह्यूजसाठी मुंबईचं राजकारण, अपघात, साप पकडणे हे सुरू होतं. ते देणारे ढिगाने आहेत. तुमच्या गावच्या गटाराचं बिल मात्र दुसरं कोणी बघत नाही.

तिथूनच सुरुवात करा. केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर ग्रामपंचायत आणि वर्ष निवडलं की आराखड्यातली कामं आणि झालेला खर्च दिसतो. समजा, एका वस्तीच्या बंदिस्त गटारावर खर्च पडलाय. वस्तीवर जा, फोटो काढा, शेजारच्या दोन घरांना विचारा, मग ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) गाठा. गटार खरंच झालेलं असेल, तरी ते किती रुपयांत झालं हे गावाला सांगण्यासारखं आहेच. कागद हवा तर माहिती अधिकारात अर्ज टाका: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांत बसवायचा. ‘सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिलाची प्रत असं नावानिशी मागा.

लोकांपर्यंत पोचायला व्हॉट्सॲप चॅनेल बरं. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर उघडे पडतात आणि सकाळी सात वाजता सुप्रभातचा पूर येतो. चॅनेलवर फक्त तुम्हीच टाकणार. रोज एकच पोस्ट, ठरल्या वेळी: बाजार समितीचे भाव, वीज कुठे बंद, नळाला पाणी कधी, आणि खाली स्वतःची एक बातमी.

पैशाचं म्हणाल तर वाढदिवसाच्या शुभेच्छांवर धंदा उभारू नका. आज पुरवणीभर जाहिरात देणारा नेता उद्या बातमी थांबवायला फोन करतो, आणि तुम्हाला तो उचलावा लागतो. त्यापेक्षा कृषी सेवा केंद्र, क्लासवाले, दातांचे डॉक्टर अशांच्या छोट्या जाहिराती भरपूर घ्या, म्हणजे एक तुटली तरी उपास घडत नाही. प्रत्येकीवर ‘जाहिरात’ असं ठळक लिहा. वाचकांकडूनही महिन्याला थोडे पैसे मागायला लाजू नका. क्यूआर कोड टाकून तर बघा.

‘खबर लहरिया’ माहीत असेलच. 2002 साली उत्तर प्रदेशात चित्रकूटला गावातल्या बायकांनी बुंदेलीत चालवलेला पेपर, पुढे मोबाईलवरच्या व्हिडिओकडे वळला. छपाई सुटली, गावं सुटली नाहीत. मात्र सुरुवातीला त्यांच्या पाठीशी ‘निरंतर’ ही संस्था होती. एकट्याने उडी मारणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. शेजारच्या तालुक्यातले दोघंतिघं जमवा, जिल्ह्याच्या बातम्या वाटून घ्या.

‘चॅनेल रजिस्टर करून प्रेसकार्ड देतो’ म्हणणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. 2023 चा नवा नोंदणी कायदा छापील नियतकालिकांचा आहे, यूट्यूब चॅनेल त्यात येत नाही. डिजिटल बातम्यांना 2021 चे आयटी नियम लागतात: तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव नि संपर्क जाहीर करायचा, तक्रारीचा निकाल 15 दिवसांत द्यायचा.

आणि दैनिक लगेच सोडू नका. नेमणूकपत्र काढून बघा, तुमची बातमी दुसरीकडे द्यायला त्यात मनाई आहे का. त्यात काय लिहिलंय ते इथे टाका, मग पुढचं बोलू.