धमकीचे फोन वाजू द्या, आधी नोटिशीला उत्तर द्या

प्रश्न : क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन आणि ओळखीच्या व्यापाऱ्याचे 2 लाख, अशी माझी तीन देणी आहेत. वसुलीवाले रोज ‘आत टाकू’ म्हणतात, म्हणून पगार आला की त्यांनाच देतो. व्यापाऱ्याला सही केलेला कोरा चेक तारण म्हणून दिला होता. त्यानंतर त्याला यूपीआयने 70 हजार परत केले, तरी त्याने पूर्ण 2 लाखांचा चेक भरून बँकेत टाकला. तो वटला नाही. 6 दिवसांपूर्वी त्याच्या वकिलाची नोटीस हातात पडली. बायकोचे दागिने गहाण ठेवून आधी बँकेचं मिटवू का?

उत्तर : नको. आरडाओरडा करणाऱ्याला तुम्ही आधी पैसे देताय, आणि खरा धोका दुसरीकडेच आहे. कार्ड किंवा पर्सनल लोन थकणं हा दिवाणी मामला आहे. हप्ते थकले एवढ्यावरून पोलिस कुणाला अटक करत नाहीत. चेकचं तसं नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 138 मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला 15 दिवस असतात. तुमचे 9 उरलेत. ते संपले की त्याला महिनाभरात कोर्टात तक्रार करता येते.

‘चेक कोराच दिला होता’ हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. त्यावर विसंबू नका. सही करून राजीखुशीने दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी देणं होतं असंच कोर्ट धरून चालतं, हे सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये स्पष्ट केलंय. तुमचा जोर आहे तो त्या 70 हजारांत. चेक दिल्यावर काही रक्कम फेडली, आणि तशी नोंद चेकवर न करता पूर्ण रकमेचा चेक वटवायला टाकला, तर 138 लागू होत नाही, असा 2022 चा निकाल आहे. समोरचा म्हणणार, ‘ते व्याजाचे होते.’ म्हणून आत्ताच यूपीआयची हिस्ट्री उघडा आणि प्रत्येक व्यवहाराखाली शेरा काय टाकलाय ते बघा. ‘व्याज’ लिहिलं असेल तर वकिलाला आधीच सांगा, लपवू नका. (तो व्याजाचा धंदाच करत असेल, तर परवाना आहे का ते जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे विचारा. महाराष्ट्रात विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे.)

दागिने गहाण ठेवायचेच असतील तर व्यापाऱ्याच्या उरलेल्या 1 लाख 30 हजारांसाठी. रोख देऊ नका, खात्यावर टाका, आणि चेक परत घेऊन हिशेब मिटल्याचं त्याच्या सहीने लिहून घ्या.

बँकांचं त्यानंतर. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. वेळ आणि नंबर टिपून बँकेकडे लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तडजोडीची रक्कम ठरली तरी बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय रुपयाही भरू नका. क्रेडिट रिपोर्टवर मात्र ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीत मिटवलं, असा शेरा राहील. आणि पगार त्याच बँकेत जमा होत असेल तर खातं बदला, नाहीतर बँक थकबाकी पगारातून परस्पर वळती करू शकते.

नोटिशीचं पाकीट फेकलं नाही ना? ते आणि खातेउतारा घेऊन उद्याच वकील गाठा. उत्तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती सांभाळून ठेवा.