आधी तास मागून घे, गॅदरिंगचं नंतर

प्रिय,

शाळेत नाटक शिकवायला लागलास की पहिला प्रश्न येईल, "याचा उपयोग काय?" आत्मविश्वास, व्यक्तिमत्त्व विकास असलं काही सांगू नकोस, मुख्याध्यापकांनी ते प्रत्येक शिबिराच्या पत्रकात वाचलेलं असतं. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा हवाला जरूर दे. अभ्यास आणि अभ्यासेतर असा कडक भेद नको, कला विषयांतच मिसळाव्यात, असं त्यात म्हटलं आहे. एवढं सांगून आठवड्याला 35 मिनिटांचा एक तास माग. शाळेतलं नाटक खरं त्या तासात घडतं.

मुंबईतल्या वर्गात पन्नास-साठ मुलं आणि जड बाकं. ती सरकवण्यात दहा मिनिटं जातात, शिवाय खालच्या मजल्यावरचे सर वर येतात. बाकं आहेत तिथेच राहू देत. फळ्यासमोरची जागा आणि मधल्या वाटा पुरतात. सहा मुलं करतील, बाकीची बघतील. पण बघणाऱ्यांनाही काम दे, नाहीतर पाचव्या मिनिटाला वर्ग हातातून जातो.

इतिहासातला एखादा प्रसंग घे. समजा, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, 20 मार्च 1927. सहा जणांनी स्तब्ध चित्र उभं करायचं, मुलांच्या भाषेत स्टॅच्यू. तयारीला तीनच मिनिटं दे. जास्त वेळ मिळाला की कोण काय होणार यावरच भांडणं लागतात. पहिल्या खेपेला तिघांना तरी बाबासाहेब व्हायचं असतं, आणि सगळे एका रांगेत पुढे तोंड करून उभे राहतात, कारण त्यांच्या सवयीचा वर्गाचा फोटो तसाच असतो. ओरडू नकोस. बसलेल्यांना विचार, "या चित्रात कोण नाही?" मग काठावरची बाई येते, लांबून बघणारा दुकानदार येतो, ओंजळ भरून थबकलेला मुलगा येतो. आता एकेकाच्या खांद्यावर हात ठेव. हात पडला की त्याने त्या माणसाचं एकच वाक्य बोलायचं. हसू फुटलं तर फुटू दे, दुसऱ्या फेरीत कमी होतं. शेवटची सात मिनिटं वहीत त्याच माणसाच्या तोंडून पाच ओळी. मुख्याध्यापकांना ती वही दाखव. 'कारणे द्या'ला गाईडमधलं उत्तर उतरवणारं पोर तिथे स्वतःचं कारण लिहायला लागतं.

आवाजावर वेळ घाल. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं आणि मुलांचा श्वास नेमका तिथेच संपतो. राजा आला की गेला, ते शेवटच्या रांगेला कळतच नाही. "जोरात बोल" म्हटलंस की मुलं खांदे उचलून घशातून ओरडतात, दोन दिवसांत आवाज बसतो. त्याऐवजी श्वास सोडताना 'स्' लांबवायला लाव, आधी दहा आकडे, मग हळूहळू वीस. मागच्या बाकावर एकाला बसव. शेवटचा शब्द ऐकू आला नाही की त्याने हात वर करायचा. घरची आगरी, मालवणी किंवा हिंदीमिश्रित बोली पुसत बसू नकोस. शब्द स्पष्ट हवा, बोली त्याची असू दे.

गॅदरिंग टळणार नाहीच. तिथे संवाद आधी रेकॉर्ड करून मुलांनी नुसते ओठ हलवायचे, ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. समोरचा अडखळला तर त्याला सांभाळून घ्यायचं, हेच तर नाटकात शिकायचं. ट्रॅकवर ती गरजच उरत नाही. ट्रॅकचा मोह माइकच्या रडगाण्यामुळे होतो. दोन माइक रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगत ठेव, खाली स्पंज, म्हणजे फळ्यांवरचे पाय कमी वाजतात. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला. मागे ठेवलेस की स्पीकरमधून कर्कश शिट्टी ठरलेली. रंगमंचावरचे पंखे बंद. नाटक 15 मिनिटांचं, वीस मुलं, त्यातला मोठा भाग कोरसचा: एकाला शब्द आठवला नाही तरी बाकीचे ओळ पुढे नेतात. 1959 मध्ये सुधा करमरकरांनी लिटल थिएटर काढून मुंबईत मुलांसाठी देखणी नाटकं उभी केली. तो थाट पुठ्ठ्याच्या झाडांवर आणायला जाऊ नकोस. पुठ्ठ्याचं झाड पुठ्ठ्याचंच दिसू दे, मुलांना ते चालतं.

तालमीला सहा आठवडे धर. शाळा सुटल्यावर ठेवलीस तर व्हॅनवाले काका थांबत नाहीत, आणि व्हॅनने जाणारी मुलं नाटकातून आपोआप गळतात. बऱ्याच शाळा दोन अधिवेशनांत भरतात. सकाळचं सुटून दुपारचं भरेपर्यंत हॉल थोडा वेळ रिकामा असतो. दुपारची मुलं तेवढ्यासाठी लवकर येऊ शकतात. ती वेळ जूनमध्येच, वेळापत्रक लागायच्या आत, लेखी मागून ठेव. जुलैत विचारायला गेलास तर ती स्कॉलरशिपच्या जादा तासांना गेलेली असेल.