तुमचे प्रश्न : जॅम इंजिन, लांबी आणि ताडपत्री

या वेळी जुन्या पिकअपबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : वडिलांची महिंद्रा एफसी-१५० पंधरा वर्षं शेडमध्ये उभी आहे. पेट्रोल इंजिन जागचं हलत नाही. मिस्त्री म्हणतात, तिसऱ्या गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढू, आपोआप सुटेल. ओढू द्यावी का?
*– एक वाचक, चिपळूण*

नको. ओढल्यावर इंजिन बहुतेक वेळा सुटतंही, पण काहीतरी मोडूनच. कोकणातल्या दमट हवेत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून धरतात. त्या जोरात ओढल्या की तुटतात आणि सिलिंडरवर चरे पाडतात. शिवाय या इंजिनाची रचना थोडी वेगळी आहे. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. वरचा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असेल तर पुशरॉड वाकतो. खालचा अडकला तर तो उघडाच राहतो, आणि मग त्या सिलिंडरला कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, का नाही हे शोधण्यात आठवडा जातो.

सुरुवात तेलापासून करा. खालचा नट काढून जुनं ऑइल सोडा. आधी पाणी आलं, तर ते हेड गॅस्केटमधून आलं की नुसतं दवाचं साचलं हे पुढे तपासावं लागेल. मग केबिनमधलं इंजिनचं झाकण उचला, चारही प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये २५–३० मिली मिश्रण ओता : निम्मं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं तेल, आणि निम्मं अ‍ॅसिटोन. अ‍ॅसिटोन लगेच पेट घेतं, त्यामुळे शेडची दारं उघडी ठेवा आणि बिडी-सिगारेट बाहेर. रोज थोडं थोडं घालत किमान चार दिवस थांबा. हेच काम घाईत होत नाही.

पाचव्या दिवशी गिअर न्यूट्रलला आणून क्रँक पुलीच्या नटावर लांब दांड्याचा पाना लावा. एकाच दिशेने जोर लावत बसू नका. थोडं पुढे, थोडं मागे. बोटभर हललं की त्या दिवशी तेवढंच पुरे. पुन्हा तेल घाला. पूर्ण दोन फेरे हाताने फिरल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नका. दहा दिवसांत काहीच हललं नाही, तर हेड काढायचं. ट्रॅक्टर तेव्हाही नाही.

फिरू लागल्यावर सेटिंग असं : डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.५ मिमी, प्लगची ०.७५ मिमी, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. इंजिन थंड असताना व्हॉल्व्हची फट इनटेकला साधारण ०.४५ आणि एक्झॉस्टला ०.४० मिमी. कॉम्प्रेशन घेताना आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक पाहा. तो १० पीएसआयच्या आत असेल तर काळजी नको.

पहिल्यांदा चालू करताना गाडीची टाकी वापरू नका. लिटरभराची बाटली उंचावर टांगून तिथून कार्ब्युरेटरला पेट्रोल द्या. जुन्या टाकीतला गंज आणि डिंकासारखा चिकटा एका तासात कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, बंद करतो. टाकी उतरवून, लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल घातलेल्या गरम पाण्याने २४ तास भरून ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. रिकामी टाकी वेल्डिंगला देऊ नका. आत वाफ उरलेली असते आणि ती भरलेल्या टाकीहून धोकादायक. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर फुगवतं. पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळे होज इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घाला.

आणि इंजिन चालू होण्याआधीच ब्रेक. एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर आहे. एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. व्हील सिलिंडरची किट आणि तिन्ही-चारही होज बदलाच. जुना होज बाहेरून चांगला दिसतो, आतून मात्र फुगतो, तेल जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही, त्यामुळे चाक धरून राहतं. ब्रेकचं तेल डॉट-३ प्रकारचं. त्यात इंजिन ऑइलचा थेंबही नको, सगळी वॉशर सुजतात.

प्रश्न : केबिनचा तळ भोकाभोकांचा झाला आहे. पेंटर फायबर मॅट आणि लांबी (पुट्टी) भरून देतो म्हणतो, खर्च निम्मा. चालेल?
*– एक वाचिका, इचलकरंजी*

दोन पावसाळे चालेल. लांबी पाणी शोषते आणि तिच्याखाली गंज पसरत राहतो. वरून रंग चकाकत असतो, म्हणून उशिरा कळतं. जाड स्क्रू-ड्रायव्हरने तळ टोचत जा. जिथे टोक आत जातं तो पत्रा कापायचा, आणि भोवतीचा चकचकीत धातू लागेपर्यंत कापायचा. तळाला १.२ मिमी, म्हणजे १८ गेजचा पत्रा पुरतो.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे अँगल टाचून घ्या. नाही तर केबिन पसरते आणि दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत. ही चूक सर्रास होते. वेल्डिंग सलग ओढू नये. एक टाका इथे, पुढचा समोरच्या टोकाला, नाही तर पत्रा तापून लाटा येतात. मग एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, आणि लांबी त्याच्यावर, २–३ मिमीहून जाड नाही. तळाची पाणी जाण्याची भोकं प्रायमरने किंवा सीलरने बुजू देऊ नका. हे सगळं पाऊस थांबल्यावर.

प्रश्न : पावसाळ्यात पिकअप घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली ठेवतो आणि दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करतो. तरी गंज येतोच.
*– एक वाचक, पनवेल*

दोन्ही गोष्टी सोडा. ताडपत्रीखाली जमिनीची वाफ अडकते आणि रात्री पत्र्यावर पाणी सुटतं. हवा खेळेल असं कापडी कव्हर घ्या, आणि प्लास्टिक घालायचंच तर जमिनीवर घाला, गाडीच्या खाली. पाच मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, त्यात पाणी साचतं, तसंच ऑइलमध्येही. महिन्यातून एकदा १५–२० किलोमीटर चालवा, नाही तर सप्टेंबरपर्यंत हातच लावू नका.

बंद ठेवायची असेल तर आधी ऑइल बदला, कारण वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंग खातं. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, निम्मं कूलंट हवं. प्लगच्या भोकातून १० मिली ऑइल घालून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्ज करा. जॅक स्टँड अ‍ॅक्सलखाली लावा, चॅसीखाली नको. पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, लोंबकळत राहू नयेत. हँडब्रेक ओढू नका, ब्रेक शू ड्रमला चिकटतात. चाकांना ठोकळे लावा. क्लचचं पेडल लाकडाच्या फळीने दाबून ठेवलं तर प्लेट फ्लायव्हीलला धरत नाही. दोन महिन्यांहून जास्त ठेवणार असाल, तर टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि ते वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं.

सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर क्लीनरला जाळी बांधा. उंदरांचं बाकी काही सांगता येत नाही.

प्रश्न : माझी १९५१ ची शेव्रोले ३१०० पिकअप न्यू जर्सीत गॅरेजमध्ये आहे. हिवाळ्यासाठी वेगळं काय करावं?
*– एक वाचक, न्यू जर्सी*

निम्मं-निम्मं कूलंट आणि पाणी उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. तिथे हे हवंच. बॅटरी ६ व्होल्टची असेल, तर चार्जरही ६ व्होल्टचाच. हौद्याच्या लाकडी फळ्यांना खालून आणि कडांनाही तेल द्या, नुसतं वरून नाही. रस्त्यावर मीठ टाकायला लागले की गाडी बाहेर काढू नका.

प्रश्न : पिकअपला व्हिंटेज नोंदणी मिळेल का?
*– एक वाचक, नागपूर*

२०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापराची दुचाकी-चारचाकी यात बसते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नंतर गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तुमची आरसी मालवाहू असेल तर खासगी वापराच्या अटीबद्दल आधी आरटीओला विचारा. दुसरी अडचण इंजिनाची. चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही, आणि आपल्याकडच्या कित्येक जुन्या पिकअपमध्ये मूळचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं आहे. ब्लॉकवरचा नंबर घासून साफ करा आणि आरसीवरच्या नंबराशी ताडून पाहा. अर्ज त्यानंतर, फॉर्म २० वर.