त्वचेचे रक्ताभिसरण की त्वचेतला रक्तप्रवाह?

‘प्रकाशचिकित्सेने त्वचेचे रक्ताभिसरण सुधारते’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि प्रकाशचिकित्सा म्हणावे की प्रकाशोपचार, असे तुम्ही विचारले आहे.

वाक्य व्याकरणात बसते, पण अर्थाने सैल आहे. रक्ताभिसरण म्हणजे हृदयातून निघून पुन्हा हृदयात येणारा रक्ताचा अखंड फेरा; विल्यम हार्वे यांनी १६२८ साली मांडला तो. हा फेरा सबंध शरीराचा. प्रकाशाने बदलते ते एखाद्या जागच्या त्वचेतून वाहणाऱ्या रक्ताचे प्रमाण. तिथल्या बारीक रोहिण्या रुंदावतात, केशवाहिन्यांत रक्त जास्त येते, कातडी लालसर दिसते. म्हणून ‘त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो’ असे लिहावे. ‘सुधारतो’ लिहायची घाई नको. उन्हाने भाजलेल्या कातडीतही रक्तप्रवाह वाढलेलाच असतो, त्याला सुधारणा कोण म्हणेल?

आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘शेक’ इथे फार कामाचा आहे. अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्याखाली पाठ धरली की आपण ‘लाइटचा शेक घेतला’ म्हणतो. ते अगदी नेमके आहे, कारण तिथे रक्तवाहिन्या रुंदावतात त्या प्रामुख्याने उष्णतेने. अतिनील-अ (यूव्ही-ए) किरणांचे तसे नाही. त्वचेत साठलेल्या संयुगांपासून ते नायट्रिक ऑक्साइड हा वायू मोकळा करतात आणि त्याने रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैलावतात. ऊब न लागताही हे घडते, तेव्हा हा शेक नव्हे.

शिवाय प्रकाशोपचार म्हटला की रक्तप्रवाह वाढवणेच, असेही नाही. डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केले. त्यांना १९०३ चे नोबेल मिळाले. रक्त प्रकाश शोषून घेते, म्हणून त्यांच्या पद्धतीत पाण्याने थंड ठेवलेले स्फटिकाचे भिंग त्वचेवर दाबून धरत. दाबाखाली त्वचा पांढरी पडे, रक्त बाजूला सरे आणि किरण खोलवर पोचत. काविळीच्या तान्ह्या बाळाला निळ्या प्रकाशात ठेवतात तेव्हाही हेतू बिलिरुबिन या रक्तात साठलेल्या पिवळ्या द्रव्याचे रूप बदलून ते शरीराबाहेर टाकणे सोपे व्हावे, हा असतो.

आता दुसरा प्रश्न. दोन्ही शब्द शुद्ध आहेत. पण मराठीत चिकित्सा म्हणजे उपचार आणि बारकाईने केलेली छाननीही. ग्रंथाचीसुद्धा आपण चिकित्सा करतो. प्रकाशोपचारात असा दुसरा अर्थ डोकावत नाही, म्हणून मी तोच वापरते. आणि रक्ताभिसरणातला ‘भि’ ऱ्हस्वच लिहावा, उपसर्ग ‘अभि’ आहे.