मॅग्नेटचं नंतर बघू, आधी तो मार्चचा प्रीमियम थांबवा

इंदूरच्या राजेंद्रनगरातून आलेलं पत्र, थोडं कापून देतोय: "सांवेर रोडला माझं छोटं युनिट आहे. ई-रिक्षा आणि लोडरच्या बीएलडीसी (बिनब्रशच्या) मोटर बनवतो, महिन्याला १०० च्या आसपास, सोबत रिवाइंडिंगचं काम. मोटरमध्ये बसणाऱ्या मॅग्नेटचा सेट आधी ८५० ला पडायचा, आता १,५०० ला. मोटरमागे ९०० सुटायचे ते २५० वर आलेत आणि पार्टीला भाव मार्चपर्यंत बांधून दिलाय. दिल्लीचा सप्लायर म्हणतो अजून दुप्पट होणार, वर्षाचा माल, १,२०० सेट, १८ लाखांत आत्ताच उचला. आईची १० लाखांची एफडी मोडतो, ८ लाख बायकोच्या दागिन्यांवर काढतो. सीसीत (बँकेच्या कॅश क्रेडिटमध्ये, धंद्याच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जात) जागा नाही, २० लाखांच्या लिमिटमधले १९ लागलेत, दर मार्चला पॉलिसीचे ४ लाख पण तिथूनच जातात, म्हणजे सेव्हिंग चालू आहे. वय ४४, दोन मुलं शाळेत, घर बँकेकडे गहाण. माल उचलू का? भाचा म्हणतो त्यापेक्षा रेअर अर्थचे शेअर घे."

उचलू नका. हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर, आणि ते देताना मला फार डोकं खाजवावं लागलं नाही. डोकं खाजवलं ते "म्हणजे सेव्हिंग चालू आहे" या वाक्यावर, पण त्याकडे येतो, आधी मॅग्नेट.

तुम्ही वापरता ते निओडिमियम-आयर्न-बोरॉन, म्हणजे निओडिमियम या रेअर अर्थ धातूपासून बनणारे मॅग्नेट. जगातले ९० टक्क्यांच्या आसपास असे मॅग्नेट चीनमध्ये बनतात. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात रेअर अर्थ आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या मॅग्नेटच्या एक्स्पोर्टला लायसन्स लावलं. गंमत म्हणजे त्या सातांत निओडिमियम नव्हतंच, डिस्प्रोसियम आणि टर्बियम होते, जे मॅग्नेट गरम झाल्यावर ताकद सोडू नये म्हणून थोडेसे घालतात, आणि मोटरवाल्याला नेमकं तेच लागतं. मग ऑक्टोबरमध्ये आणखी कडक नियम काढले आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेशी बोलणी झाल्यावर ते वर्षभरासाठी स्थगित केले. एप्रिलचे मात्र तसेच राहिले. म्हणजे हा भाव मागणी-पुरवठ्यापेक्षा बीजिंगमधल्या एका सहीवर चालतो, आणि ती सही उद्या कुठल्या बाजूला होईल हे दिल्लीच्या सप्लायरला कळत असतं तर तो स्वतः १,२०० सेट दाबून बसला असता, तुम्हाला कशाला फोन करत बसला असता?

२०१० मध्ये असंच झालेलं. चीनने कोटा आवळला, २०११ मध्ये रेअर अर्थचे भाव कित्येक पट झाले आणि २०१२ मध्ये धाडकन खाली आले. वरच्या भावाला माल भरलेले लोक तो घेऊन बसले.

आता तुमचा हिशोब. एफडीचं बुडणारं व्याज धरा ७० हजार, गोल्ड लोनचं ८० हजार, म्हणजे दीड लाख. १,५०० चा सेट तुम्हाला १,६२५ ला पडला. सहा महिन्यांनी भाव १,००० वर आला तर उरलेल्या ६०० सेटवर ३ लाख गेले. दुप्पट झाला तर फायदा आहेच, नाही म्हणत नाही, पण तो सेट तुमच्या रोटरच्या मापाचा कापलेला आहे, पार्टीने उद्या डिझाइन बदललं किंवा फेराइटवर (रेअर अर्थ नसलेल्या साध्या मॅग्नेटवर) गेली तर तो माल दुसरा कोणी घेणार नाही. आणि "सरकारची स्कीम आलीये, आता इथेच बनेल" म्हणून स्वस्त होण्याची वाट बघत बसणारेही आहेत, त्यांनाही तेच सांगेन. नोव्हेंबर २०२५ ची ७,२८० कोटींची स्कीम खरी आहे, वर्षाला ६,००० टन क्षमतेची, पण त्यात पहिली दोन वर्षं तर कारखाने उभे करायलाच धरलीत. तुमच्या या मार्चला त्याचा काही उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र पैशाच्या आधी तपासा. सप्लायर एसएच म्हणून एन ग्रेड तर देत नाहीये ना? ग्रेड म्हणजे मॅग्नेट किती गरमीपर्यंत ताकद धरतो ते: साधा एन ८० डिग्रीपर्यंत, एच १२०, एसएच १५०. मे महिन्यात इंदुरात सहा सवाऱ्या भरून चढावर ओढणाऱ्या रिक्षाच्या मोटरमध्ये ८० कधीच पार होतात. वार्निश भाजायचा ओव्हन तुमच्याकडे आहेच, लॉटमधले दोन-चार पीस १३० ला तासभर ठेवा, पूर्ण थंड झाल्यावर गॉस (मॅग्नेटची ताकद) परत मोजा. आकडा दणकून पडला तर ग्रेड कळली. असा माल वर्षभराचा भरलात तर वॉरंटीत परत येणाऱ्या मोटरी वेगळ्याच.

म्हणून माल सहा-आठ आठवड्यांचा, हातात ऑर्डर असेल तेवढाच. आणि खरं दुखणं भावात नाही, मार्चपर्यंत बांधून दिलेल्या भावात आहे. महिन्याला ६५ हजार तुम्ही पार्टीच्या वतीने चीनला देताय. तांब्याचा भाव हलला की मोटर-ट्रान्सफॉर्मरवाले प्राइस व्हेरिएशन (कच्च्या मालाप्रमाणे भाव बदलायची अट) लावतात, इमा या इलेक्ट्रिकल उत्पादकांच्या संघटनेचे आकडे दर महिन्याला त्यासाठीच निघतात, पार्टीला हे नवीन नाही. एप्रिलपासून मोटरचा भाव वेगळा, मॅग्नेट खरेदी बिलाप्रमाणे वेगळा, कोटेशन १५ दिवसच चालेल, असं लिहून द्या. आणि मार्चची वाट न बघता आजच जाऊन अर्धा बोजा वाटून मागा. फार तर नाही म्हणतील, पण २५० रुपये सुटणारी मोटर कोण किती दिवस बनवणार, हे त्यांच्या परचेसवाल्यालाही कळतं. त्यांनाही चालू सप्लायर मरायला नको असतो.

आता ते वाक्य.

पत्रासोबत पॉलिसीचा कागद जोडलात ते बरं केलंत. मार्च २०२३ ची, वर्षाला ४ लाख, १० वर्षं भरायचे, १५ व्या वर्षाच्या शेवटी ७१ लाख गॅरंटीड. कधी घेतली ते बघूनच कळलं कशी विकली असेल. त्या वर्षी १ फेब्रुवारीच्या बजेटमध्ये आलं की एप्रिलपासूनच्या नव्या पॉलिसींचा वर्षाचा प्रीमियम ५ लाखांच्या वर असेल तर मॅच्युरिटीवर टॅक्स लागेल, आणि पुढचे दोन महिने सगळी फौज "३१ मार्चच्या आत घ्या, नाहीतर टॅक्स" म्हणत फिरत होती. तुमचा प्रीमियम ४ लाख, तुम्हाला तो नियम लागतच नव्हता. शिवाय पत्राच्या कापलेल्या भागात तुम्हीच लिहिलंय की बँकेतल्या माणसाने "लिमिट लवकर होईल" असं सांगितलं. कर्जाच्या बदल्यात पॉलिसी गळ्यात मारायला मनाई आहे, पण तोंडी बोललेलं तीन वर्षांनी सिद्ध कुठून करणार? फ्री-लूक, म्हणजे पॉलिसी परत करायची सुरुवातीची मुदत, कधीच संपली. तक्रार जरूर करा, आधी कंपनीकडे, मग भोपाळच्या विमा लोकपालाकडे, पण तिथून पैसे येतील असं धरून काही ठरवू नका.

तर ४ लाख दहा वर्षं, १५ व्या वर्षी ७१ लाख, हा परतावा पडतो साडेपाच टक्के. तुमच्या सीसीचं व्याज ११ टक्के. म्हणजे ११ ने उधार घेऊन साडेपाचने गुंतवताय आणि त्याला सेव्हिंग म्हणताय. तेच ४-४ लाख ११ टक्क्यांनी १५ वर्षं चढवले तर सव्वा कोटी होतात. हातात ७१ येणार, त्यासाठी सव्वा कोटीचं ओझं. गॅरंटीड आहे हे खरं, तोटा गॅरंटीड आहे.

आणि हे आत्ताच, रोज चाललंय. तीन हप्ते झाले, १२ लाख, सगळे सीसीतून. सीसीत लागलेल्या १९ लाखांतले १२ लाख म्हणजे धंद्याचा माल-उधारी नाहीये, पॉलिसी आहे. त्याचं व्याज वर्षाला १ लाख ३२ हजार, महिन्याला ११ हजार. आजच्या २५० च्या मार्जिनने भागा, ४४ मोटरी आल्या. तुमची पोरं महिन्याला १०० मोटरी बांधतात त्यातल्या ४४ फक्त या पॉलिसीचं व्याज फेडायला. मॅग्नेट महाग झाल्यामुळे हे दिसायला लागलं एवढंच, ९०० सुटत होते तेव्हा झाकलं गेलं होतं. शिवाय घरच्या प्रीमियमसाठी काढलेल्या रकमेचं व्याज धंद्याचा खर्च म्हणून चालत नाही, तुमच्या सीएने ते वेगळं काढलंय का विचारा, नसेल तर तो एक वेगळाच घोळ. आणि बँकेला कळलं की खेळतं भांडवल विम्यात वळवलंय तर रिन्युअलला तुम्हालाच प्रश्न विचारतील, ज्यांनी विकली त्यांना नाही.

मग काय करायचं? चौथा हप्ता भरायचा नाही. एजंट म्हणेल, आता सोडलीत तर नुकसान. अर्धं बरोबर आहे त्याचं, म्हणून नीट बघू. तीन वर्षं भरलेल्या अशा पॉलिसीला सरेंडरवर (मध्येच सोडून पैसे घेतल्यावर) भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३५ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार, कंपनी त्याहून जास्त देते ती स्पेशल व्हॅल्यू धरून ५ लाख समजू. सोडून न देता पुढचे सात हप्ते भरले तर इथून पुढचा परतावा ८ टक्क्यांच्या थोडा वर पडतो, कारण मार तुम्ही आधीच खाऊन बसलात. साडेपाचपेक्षा बरं दिसतं. पण तरी ते ११ च्या खालीच, आणि हप्ता पुन्हा सीसीतूनच येणार.

दुसरा रस्ता पेड-अप. हप्ते बंद, पॉलिसी तशीच झोपलेली, भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात रक्कम शेवटी मिळते. कंपनीकडून लेखी तीन आकडे मागवा: आज सरेंडर केली तर किती, मार्च उलटल्यावर चौथा हप्ता न भरता सरेंडर केली तर किती, आणि पेड-अप केली तर १५ व्या वर्षी किती. फोनवर सांगितलेला आकडा धरू नका. सरेंडरचे ५ लाख सीसीत टाकले तर ११ टक्क्यांनी १२ वर्षांत साडेसतरा लाखांएवढे होतात. पेड-अपचा आकडा त्याच्या वर असेल तर पेड-अप ठेवा, खाली असेल तर सरेंडर करा आणि पैसे थेट सीसीत, मध्ये कुठे थांबवू नका. सरेंडरचा आकडा वेगळा आला तर साडेतीनने गुणा, तेवढंच.

पण त्याआधी एक काम. या पॉलिसीत कव्हर असेल ४० लाखांच्या घरात, पेड-अप केली की तेही खाली येणार. घर गहाण, दोन मुलं शाळेत, सीसीचे १९ लाख, आणि तुमच्याकडे टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यूचं कव्हर देणारा विमा) नाही. पत्रात मॅग्नेटच्या ग्रेडपासून भाच्यापर्यंत सगळं आहे, हे नाही. एक कोटीचा साधा टर्म प्लॅन ६५ व्या वर्षापर्यंतचा, या वयात तब्येत चांगली आणि सिगारेट नसेल तर वर्षाला ३०-३५ हजारांत व्हायला हवा. पैसे परत मिळणारा नको, तो पुन्हा त्याच रस्त्याने जातो. प्रपोजल भरतानाच मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्टचा कॉलम भरा, १८७४ चा कायदा आहे, त्यात पॉलिसीचा पैसा बायको-मुलांचा होतो, धंद्यात ज्यांचं देणं आहे त्यांना त्याला हात लावता येत नाही. नंतर सुचलं म्हणून हे जोडता येत नाही. ती पॉलिसी हातात आली की मगच जुनीला हात लावायचा, क्रम उलटा करू नका. मेडिकलला वेळ जातो, म्हणून या आठवड्यात सुरू करा.

आईची एफडी आईची आहे. ती मोडून मॅग्नेट भरायचा विचार तुमच्या डोक्यात आला कसा हेच मला कळत नाही. वहिनींचे दागिने पण घरीच राहू द्या.

भाच्याला सांगा, आपल्याकडे रेअर अर्थ काढण्याचं मोठं काम आयआरईएलकडे आहे, ती सरकारी कंपनी आहे आणि शेअर बाजारात लिस्टेडच नाही. बाकी ज्यांच्या नावामागे लोक धावतायत त्यातल्या किती जणांनी आजपर्यंत एक किलो मॅग्नेट विकलाय ते आधी शोधून आण म्हणावं. ज्याचा धंदाच मॅग्नेटच्या भावावर हेलकावे खातोय त्याने बचत पण त्याच भावावर लावायची, हे अजबच.

आता मॅग्नेटच्या पैशाचं. महिन्याला दीड लाखाचं मॅग्नेट लागतं तुम्हाला. मार्चचे ४ लाख पॉलिसीत गेले नाहीत की अडीच महिन्यांपेक्षा जास्त मालाची सोय झाली. पण लिमिटमध्ये जागा एकच लाखाची आहे, म्हणजे ते ४ लाख मार्चपर्यंत कुठून येणार होते? माझा अंदाज, पार्टीचं पेमेंट मागे लागून आणणार होतात. तसंच आणा, फक्त सीसीत ठेवा. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेलच, नसेल तर आज करा, फुकट आहे. छोट्या उत्पादकाचे पैसे पार्टीने ४५ दिवसांत दिले नाहीत तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत इन्कम टॅक्समध्ये तो खर्च तिला धरता येत नाही. मार्च जवळ आला की त्यांच्या अकाउंटवाल्याला हे आपोआप आठवतं, बिलावर उद्यम नंबर मोठ्या अक्षरात छापा.

कंपनीचे तीन आकडे आले की मला पाठवा, सोबत सीसीचं गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट. घरखर्च पण तिथूनच जातोय असा मला संशय आहे.