इंग्लंडची बार कौन्सिल कुणाला बॅरिस्टर करत नाही

तुमची भाची एलएलबी करून लंडनला ‘बार’चा म्हणजे बॅरिस्टरीचा कोर्स करायला निघाली आहे आणि तुम्ही विचारलंय, "सनद तिथली बार कौन्सिल देणार, मग परत आल्यावर ती आपल्या बार कौन्सिलकडे नुसती वर्ग करून घेता येईल ना?" वर दोघातिघांनी ‘हो, येईल’ असं लिहिलंय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. नाव सारखं असल्यामुळे हा घोटाळा होतो आणि तो वकिलांचाही होतो. मला स्वतःला सनद मिळून चार-पाच वर्षं होईपर्यंत इंग्लंडची बार कौन्सिल म्हणजे आपल्याच कौन्सिलची थोरली बहीण, असंच वाटत होतं.

इंग्लंडमध्ये बॅरिस्टर करतात ती ‘इन्स ऑफ कोर्ट’. लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल, या चारच. लिंकन्स इनचं दप्तर सलग १४२२ पासूनचं आहे, म्हणजे बार कौन्सिलच्या जन्माआधी साडेचारशेहून जास्त वर्षं. इनमध्ये नाव घालायचं, ठरलेल्या टर्म भरायच्या (म्हणजे तिथल्या दिवाणखान्यात ठरावीक वेळा जेवायचं, गांधीजींच्या वेळी बारा टर्म लागत), परीक्षा द्यायची आणि मग इनचे ‘बेंचर’ म्हणजे वडीलधारे सभासद तुम्हाला ‘कॉल’ देणार, म्हणजे बॅरिस्टर म्हणून बारमध्ये घेणार. परीक्षा पास झालात म्हणून कॉल हक्काने मिळेल असं नाही. आपल्याकडे सावरकरांच्या नावाआधी अजूनही कुणी कुणी ‘बॅ.’ लावतं. परीक्षा त्यांची झाली होती, पण १९०९ मध्ये ग्रेज इनच्या बेंचरांनी राजकारणापायी कॉलच नाकारला. त्याच वर्षी इनर टेंपलने श्यामजी कृष्णवर्मांचं नाव पटावरून काढलं, १९२२ मध्ये गांधीजींचं काढलं. गांधीजींचं नाव परत घेतलं १९८८ मध्ये, श्यामजींचं २०१५ मध्ये. देणारी इन, काढणारीही इन. बार कौन्सिल यात कुठे आहे? कुठेच नाही.

भाचीसाठी आणखी एक. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली. बॅरिस्टर व्हायला त्यांना पुढे तीसेक वर्षं थांबावं लागलं, कारण बाईला कॉल द्यायचा नाही असा दंडक होता आणि तो मोडायला १९१९ चा कायदा यावा लागला.

मग बार कौन्सिल हवी कशाला होती? बेंचर स्वतःच नवे बेंचर नेमत. रोज कोर्टात उभा राहणाऱ्या साध्या बॅरिस्टरला इनच्या कारभारात मत नव्हतं. १८७० च्या दशकात इंग्लंडच्या कोर्टांची पुरती फेरमांडणी झाली, कामकाजाचे नियम नव्याने झाले, आणि बॅरिस्टरांच्या वतीने बोलायला अधिकृत कुणीच नव्हतं. म्हणून १८८३ मध्ये ‘बार कमिटी’ निघाली आणि १८९४ मध्ये तिच्या जागी निवडून आलेली ‘जनरल कौन्सिल ऑफ द बार’ आली. म्हणजे मुळात ती आपल्याकडच्या बार असोसिएशनच्या जातीची: सरकारशी आणि न्यायाधीशांशी बोलायचं, धंद्याच्या शिष्टाचाराबद्दल निर्णय द्यायचे. कुणाला बारमधून काढायचा अधिकार तिला नव्हता, तो इनांकडेच राहिला.

पण शिष्टाचाराची मजा अशी की कागदावर तो नुसता सल्ला असायचा आणि व्यवहारात दगडावरची रेघ. बॅरिस्टरने जाहिरात करायची नाही. अशिलाने थेट भेटायचं नाही, मध्ये सॉलिसिटर (अशिलाचं काम घेऊन कोर्टासाठी बॅरिस्टर नेमणारा वकील) हवाच. फी हा ‘मानधनाचा’ भाग, म्हणून ती बुडाली तरी दावा लावता यायचा नाही. ही अडचण कायद्याने दूर झाली ती थेट १९९० मध्ये. (गाऊनच्या पाठीवरचा तो लहानसा कप्पा मागून गुपचूप फी टाकण्यासाठी होता, ही गोष्ट प्रत्येक सीनियर आपल्या ज्युनिअरला सांगतो. दंतकथा आहे, पण छान आहे.) मोठ्या वकिलाने ज्युनिअरशिवाय उभं राहायचं नाही, म्हणजे अशिलाच्या डोक्यावर दोन फिया, हा नियम तिथे मक्तेदारीविरोधी आयोगाने टीका केल्यावर सत्तरच्या दशकात गेला. आपल्याकडे सीनियर अ‍ॅडव्होकेटला तो आजही लागू आहे.

या सगळ्यात मला खरोखर मोलाचा वाटतो तो ‘कॅब रँक’ नियम. स्टँडवरच्या टॅक्सीवाल्याने पहिलं गिऱ्हाईक घ्यायचं, तोंड बघून नाही म्हणायचं नाही, तसंच बॅरिस्टरने. (दादर स्टेशनबाहेर हा नियम चालत नाही, हे मान्य.) विषय त्याच्या कामाचा असेल, तो मोकळा असेल आणि फी रास्त असेल, तर अशील कितीही बदनाम असो, नाही म्हणता येत नाही.

मात्र हा नियम एका बाजूनेच बांधतो. बॅरिस्टर अशिलाला नाकारू शकत नाही, पण सॉलिसिटरने कुठल्या बॅरिस्टरला ब्रीफ म्हणजे खटल्याचं काम द्यावं यावर हा नियम काहीच बंधन घालत नाही. याचा अर्थ काय होतो हे मुंबईने पाहिलंय. बाबासाहेब १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात) तेव्हा लंडनसारखीच दुहेरी पद्धत होती, अशील आधी सॉलिसिटरकडे आणि सॉलिसिटरमार्फत बॅरिस्टरकडे. सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ देईनात. यात एकही लेखी नियम मोडला गेला नाही. बाबासाहेब अपील साइडकडे आणि जिल्ह्याच्या कोर्टांकडे वळले. धंद्याची शिस्त कुणाला राखते आणि कुणाला गेटाबाहेर ठेवते, हे मी ज्युनिअरांना याच उदाहरणावरून सांगतो.

पुढचा इतिहास भरभर सांगतो, कारण मधला भाग समित्यांच्या नामांतराचा आहे. १९७४ मध्ये इन आणि बार यांची मिळून ‘सीनेट’ झाली, १९८७ मध्ये ती मोडून पुन्हा जनरल कौन्सिल. नियम करणं आणि ते मोडणाऱ्यावर खटला चालवणं हे काम एव्हाना कौन्सिलच्या पदरात आलं होतं. म्हणजे एकच संस्था सकाळी बॅरिस्टरांची फी वाढवा म्हणून सरकारकडे जाणार आणि दुपारी त्याच बॅरिस्टरांविरुद्धच्या तक्रारी पाहणार. २००४ मध्ये सर डेव्हिड क्लेमेंटी यांनी आपल्या अहवालात नेमकं यावरच बोट ठेवलं. क्लेमेंटी बँक ऑफ इंग्लंडचे माजी डेप्युटी गव्हर्नर, वकिलांशी नातं नसलेला माणूस. २००६ पासून नियमनासाठी ‘बार स्टँडर्ड्स बोर्ड’ वेगळा झाला आणि २००७ च्या कायद्याने ही फारकत पक्की केली. कायद्याच्या भाषेत अजूनही बार कौन्सिल हीच मान्यताप्राप्त नियामक, पण ते काम बोर्डाने स्वतंत्रपणे करायचं आणि कौन्सिलने त्यात हात घालायचा नाही. सेवेबद्दल अशिलाची तक्रार असेल तर ती लीगल ओम्बुड्समनकडे जाते. नाव पटावरून काढण्याची वेळ आली तर निवाडा शिस्तभंग न्यायाधिकरणाचा, पण हुकूम आजही इनच्या नावाने.

कौन्सिलच्या हाती उरलं ते तिचं मूळचं काम. मोफत कायदेशीर मदतीच्या फियांवरून सरकारशी भांडणं, नव्या कायद्यांवर मत देणं, नैतिक पेचात अडकलेल्या बॅरिस्टरला फोनवर सल्ला देणं, प्युपिलेजच्या (नव्या बॅरिस्टरच्या उमेदवारीच्या) अर्जांची व्यवस्था चालवणं. २०२२ मध्ये फौजदारी बॅरिस्टर संपावर गेले तो संपसुद्धा कौन्सिलचा नव्हता, क्रिमिनल बार असोसिएशनचा होता. मागणी २५ टक्के वाढीची होती, ऑक्टोबरमध्ये १५ टक्क्यांवर मिटलं. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगून ठेवलंय की वकिलांना संपाचा हक्क नाही. त्यानंतर संप किती झाले ते तुम्हीच तारखांना खेटे घालून मोजले असतील.

आता आपल्याकडची बार कौन्सिल. १९२६ च्या कायद्याने हायकोर्टागणिक बार कौन्सिलं आली, पण शिस्तीचा शेवटचा शब्द हायकोर्टाचाच राहिला. स्वातंत्र्यानंतर न्या. एस. आर. दास यांच्या समितीने देशभर एकच बार करा म्हणून सुचवलं आणि १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आला. आपल्या महाराष्ट्र आणि गोवा कौन्सिलसारखी राज्य कौन्सिलं सनद देतात, वकिलांच्या मतांवर निवडून येतात, कल्याण निधी बघतात आणि शिस्तभंगाची चौकशीही करतात. म्हणजे इंग्लंडमध्ये इन, कौन्सिल आणि बोर्ड अशा तीन घरांत वाटलेला संसार इथे एकाच खोलीत. तक्रार वर्षाच्या आत निकाली काढायची, नाहीतर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते, असं कलम ३६-ब सांगतं. ज्यांच्या मतांवर निवडून यायचं त्यांच्यावरच कारवाई करायची, यात कुणाचा हात थरथरला तर मी त्या माणसाला दोष देणार नाही, रचनेला देईन. माझं मत क्लेमेंटीच्या बाजूचं आहे, नियमन वेगळं हवं. बाररूममध्ये हे बोललो की दोन दिवस चहा स्वतःच्या पैशाने प्यावा लागतो, कारण ‘बाहेरचे लोक आणून बसवाल तर सरकार आत शिरेल’ हे उत्तर तयार असतं. ते उत्तर अगदीच पोकळ नाही. बोर्ड स्वतंत्र ठेवायचा तर तो सरकारपासूनही स्वतंत्र हवा, आणि आपल्याकडे ते अवघड.

आता भाचीचं. इंग्लंडचा कॉल दाखवून इथे नाव नोंदवता यायचं, पण कायद्यातली ती सवलत ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत कॉल मिळालेल्यांपुरतीच आहे. दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी १९७७ ला, मुंबई हायकोर्टातली दुहेरी पद्धतही कायद्याने संपली. मराठी पेपरांतून नावाआधीचं ‘बॅ.’ त्यानंतरच विरळ होत गेलं. तुमच्या भाचीची एलएलबी इथली आहे, त्यामुळे तिने जाण्याआधी इथली सनद काढून ठेवावी. राज्य आणि केंद्र मिळून साधारण वर्गासाठी नोंदणी फी ७५० रुपयांहून जास्त घेता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. पावती मागायची.

आणि तिथे वकिली करायचीच असेल तर खरी अडचण कोर्सची किंवा कॉलची नाही. कॉलनंतर चेंबर्समध्ये (बॅरिस्टरांच्या सामायिक कचेरीत) वर्षभराची प्युपिलेज मिळाल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही, आणि जागा कॉल मिळालेल्यांच्या मानाने फार थोड्या असतात. कोर्सची फी भरण्याआधी तिने बोर्डाच्या साइटवर परदेशी वकिलांसाठीची ट्रान्सफरची वाट बघून घ्यावी. इथे काही वर्षं वकिली करून मग त्या वाटेने गेलं, तर प्रशिक्षणाच्या काही टप्प्यांतून सूट मिळू शकते.