गाडीवर हात बसत नाही, काय करू?

प्रश्न : नमस्कार दादा, मी ड्रायव्हिंग स्कूलचा 21 दिवसांचा क्लास केला, लायसन पण पहिल्या फटक्यात मिळालं. पण चार महिने झाले तरी सिग्नलला गाडी बंद पडतेच, ब्रेक मारला की मागून सासूबाई "अगं अगं" करतात, आणि सोसायटीच्या पार्किंगमधे पिलरला डावी बाजू दोनदा घासून झाली. नवरा म्हणतो होईल हळूहळू, हात आपोआप बसतो. खरंच बसतो का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : नाही हो ताई, आपोआप नाही बसत. वीस वीस वर्षं गाडी चालवणारे लोक आहेत आमच्यात, त्यांच्या मागे बसायचं तर आधी ओमिटिंगची गोळी घ्यावी लागते. आणि तुमची फार चूक आहे असंही नाही, क्लासच्या गाडीत सरांच्या पायाखाली वेगळा क्लच ब्रेक असतो, तुम्ही जरा गडबडलात की ते गुपचूप दाबतात, म्हणजे त्या 21 दिवसांतला अर्धा क्लच त्यांच्याच पायाने चाललाय, तुमच्या पायाला तो कळणार कधी?

तर रविवारी सकाळी लवकर एखादं मोकळं सपाट ग्राउंड शोधा. आधी सीट नीट करा, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, आणि पाठ टेकलेली असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. जाड सोलचे स्पोर्ट्स शूज त्या दिवशी घरी ठेवा, त्यातून पायाला काही कळत नाही. आता पहिला गिअर टाका आणि अॅक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच, लावू नका. नुसता क्लच अगदी सावकाश सोडत या. एका जागी इंजिनाचा आवाज जड होईल, आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा) काटा जरासा खाली येईल, सीटखाली थरथर जाणवेल आणि गाडी चालायला लागेल. तीच ती जागा. पाय तिथेच एक-दोन सेकंद धरायचा, मग पूर्ण सोडायचा. असं वीस-पंचवीस वेळा करा, कंटाळा येईल पण करा. सिग्नलला गाडी बंद पडते ती याच जागेवरून पाय धपकन उचलल्यामुळे. फक्त ती जागा सापडली म्हणून ट्रॅफिकमधे हाफ क्लचवर लोंबकळत राहू नका, क्लच प्लेट जळते आणि बिल मोठं येतं.

आता सासूबाईंचं. एका दसऱ्याला मी गाडीची पूजा केली आणि नारळ फोडायचा राहिला, तो डिकीतच पडून. दुसऱ्या दिवशी ब्रेक मारला की धाड करून पुढे सीटच्या पाठीवर, पिकअप घेतला की मागे दरवाज्यावर, वळलो की घरंगळत बाजूला. तोपर्यंत मला वाटायचं मी काय मस्त चालवतो! पण नारळ खोटं बोलत नाही हो. मग मी तो आठवडाभर मुद्दाम ठेवला (डिकीतच ठेवायचा हं, पुढे पायाशी अजिबात नको, ब्रेकखाली गेला तर संपलं) आणि आवाज येऊ द्यायचा नाही म्हणून चालवत राहिलो. ब्रेक आधी हलका, मग जास्त, आणि गाडी थांबता थांबता शेवटच्या हातभर अंतरात पाय किंचित हलका करायचा, तो शेवटचा झटका निघून जातो. नारळाचं जे होतं तेच गाडीच्या वजनाचं होतं, ब्रेक मारला की भार पुढच्या चाकांवर जातो, वळताना बाहेरच्या बाजूला. आणि एक टायर रस्त्याला टेकतो जेमतेम तळहाताएवढा, त्याच्याकडून एकदम ब्रेकही आणि वळणही मागितलं तर तो देणार कुठून. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही.

पिलरचं कारण वेगळं आहे. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात, त्यामुळे नाक सुटलं तरी मागचा दरवाजा घासतो. थोडं पुढे जाऊन उशिरा वळा, आरशात मागच्या दरवाज्याकडे लक्ष ठेवा. पण चालत्या रस्त्यावर नजर लांब हवी, बोनेटवर नको. लहानपणी सायकल शिकताना खड्ड्याकडे बघितलं की चाक खड्ड्यातच जायचं ना, तसंच. ताशी 60 ला गाडी एका सेकंदात 16-17 मीटर जाते म्हणजे चार गाड्यांची लांबी, तुम्ही दचकून पाय ब्रेकवर नेईपर्यंत एवढं गेलेलं असतं.

प्रश्न : घाट उतरताना ब्रेकमधून जळका वास येतो. गॅरेजवाला म्हणतो ब्रेक ठीक आहेत.
– एक वाचक, सातारा

उत्तर : मग पाय ठीक नाही. तुम्ही उतारभर ब्रेक दाबून धरत असणार, पेट्रोल वाचवायला न्यूट्रल पण करत असाल तर ते आजच बंद करा. ब्रेक फार तापले की दाबूनही गाडी थांबेना होते. ज्या गिअरमधे तो घाट चढता त्याच गिअरमधे उतरा, इंजिन गुरगुरेल, गुरगुरू दे, गाडी तोच धरून ठेवतो. ब्रेक मारायचा तो थोडा वेळ नीट दाबून पूर्ण सोडायचा. वास आलाच असेल तर सुरक्षित जागा बघून थांबा, चहा घ्या, ब्रेकच्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नका.

प्रश्न : पावसात जोरात ब्रेक मारला तर पेडल पायाखाली खडखडलं, घाबरून पाय काढला. बिघाड आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बहुतेक एबीएस आहे ते, चाक लॉक होऊ नये म्हणून ब्रेक सोडतं-धरतं त्याची ती खडखड. 2019 च्या एप्रिलपासूनच्या सगळ्या नव्या कारमधे ते आहे. डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटून राहत नसेल तर गाडीत काही नाही. पाय काढू नका, अजून दाबा, आणि स्टिअरिंग वळवत राहा, ते वळतं. एकदा रिकाम्या ओल्या ग्राउंडवर 30 च्या स्पीडला मुद्दाम करून बघा, मागे कुणी नाही ना बघून. आणि सासूबाईंना घरी ठेवून.